प्रीॲम्प, झटका मशीन आणि वहिनींचा गोठा

"ताई, ऐका. झालं का टक्?"

मी रंगाभाऊंच्या हॉलमध्ये रॅकच्या मागे पालथी पडले होते. तोंडात टॉर्च, हातात मल्टिमीटर, नाकात धूळ.

"झालं," टॉर्च काढून मी म्हटलं.

"आन् आता?" भाऊंनी विचारलं.

"आताही झालं."

दर सेकंदाला एक टक्. गायिकेने आलाप घेतला तरी टक्, आणि ती श्वासाला थांबली की जास्तच टक्. स्पीकरने घड्याळ गिळलं असावं असं वाटत होतं. आणि रॅकच्या सर्वांत वरच्या फळीवर, या सगळ्याशी आपला काही संबंध नाही अशा थाटात, एक चंदेरी खोकं बसलं होतं. समोर एकच निळा दिवा आणि पेरूएवढं गोल बटण. हा हाय-एंड प्रीॲम्प. पुण्याहून आठ दिवसांच्या ट्रायलवर आला होता आणि त्या दिवशी ट्रायल संपत होती. पाच वाजता दुकानदार निकाल ऐकायला येणार होता. तेव्हा अकरा वाजले होते.

मी जुन्नरला एसटी स्टँडच्या मागे रिपेअरिंगचं दुकान चालवते. त्याआधी वीस वर्षं पुण्यात एका कंपनीत टेस्टिंगला होते. लाइनवर तयार झालेला प्रत्येक ॲम्प्लिफायर माझ्या टेबलावरून जायचा. मी 'पास' म्हटलं की खोक्यात, 'फेल' म्हटलं की परत लाइनवर. कंपनी बंद झाली, मी गावी आले. आता माझ्याकडे मांडववाल्यांचे मिक्सर येतात, घोडेगावच्या डीजेवाल्यांचे जळालेले ॲम्प येतात, मढच्या भजनी मंडळाचं इको मशीन येतं. बुवांनी एकदा 'हरी' म्हटलं की चारदा ऐकू यायला हवं, अशी मंडळाची अपेक्षा असते. तीनदाच आलं की मशीन बिघडलं म्हणून माझ्याकडे. मी धूळ पुसते, बटण थोडं पुढे सरकवते आणि देऊन टाकते. सांगायचा मुद्दा असा की आवाजाच्या धंद्यात मशीन दुरुस्त करणं सोपं असतं. माणसाचा समज दुरुस्त करायला वेळ लागतो.

रंगाभाऊंचा मळा ओझरच्या रस्त्याला. द्राक्षं आणि टोमॅटो. दिवसभर बागेत आणि संध्याकाळी सहा ते आठ गाणं, हा त्यांचा नेम. नाट्यगीत, गझल, जुनी लावणी, काहीही चालतं, पण मध्ये बोललेलं चालत नाही. मळ्यात इंटरनेटची केबल आली तेव्हा दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना सिस्टीम बसवून दिली होती. त्यात तीनच वस्तू. स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरून गाणं घेणारं छोटं यंत्र. पॉवर ॲम्प, म्हणजे स्पीकर हलवण्याची ताकद देणारं वजनदार यंत्र. आणि स्पीकर. आवाज कमी-जास्त करायचा मोबाइलवरून. भाऊ खूश होते.

मग ते कुणाच्या तरी लग्नाला पुण्याला गेले आणि हॉलशेजारच्या शोरूममध्ये शिरले. तिथे दुकानदार मिलिंदसर भेटले. थंड पाणी, मऊ सोफा, मंद दिवे. मिलिंदसर म्हणाले, "स्ट्रीमिंगचं गाणं मुळात कोरडं असतं. प्रीॲम्प त्यात जीव घालतो." भाऊंना तिथे बसल्या बसल्या तो जीव ऐकू आला. ऐकू येणारच. त्या सोफ्यावर मलाही आला असता.

प्रीॲम्प म्हणजे काय ते इथे सांगून टाकते. पूर्वी तबकडीतून किंवा कॅसेटमधून निघणारा आवाजाचा सिग्नल अगदी दुबळा असायचा. त्याला आधी थोडी उभारी द्यायची, चार यंत्रांतलं कुठलं ऐकायचं ते निवडायचं आणि आवाज कमी-जास्त करायचा, ही प्रीॲम्पची तीन कामं. आजचा स्ट्रीमर सिग्नल भरपूर ताकदीनेच बाहेर सोडतो. यंत्र एकच, त्यामुळे निवडायला काही नाही. उरलं तिसरं काम. कालव्याला पाणी भरपूर असेल तर शेतकऱ्याला चारीच्या तोंडाशी एक फळी लागते, पाणी कमी-जास्त करायला. ती फळी सागवानी घेतली म्हणून पाणी गोड होत नाही.

हे मी भाऊंना फोनवर सांगितलं होतं. भाऊ म्हणाले, "ताई, तुमी अजून ऐकला न्हाई म्हनून." ते बरोबरच होतं.

प्रीॲम्प घरी आला आणि टक् सुरू झालं. खरं तर टक् आधीही होतं, अगदी बारीक. थंडीत भाऊंनी मला फोन करून विचारलंही होतं. तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "रेकॉर्डिंग जुनं आहे, त्यातलंच असेल." न बघता दिलेला निकाल. टेस्टिंगच्या टेबलावर मी असं कधी केलं नसतं. प्रीॲम्प आल्यावर तेच टक् ठणठणीत झालं. भाऊंनी मिलिंदसरांना फोन लावला. मिलिंदसर म्हणाले, "आमचं मशीन इतकं पारदर्शक आहे की रेकॉर्डिंगमधले दोषसुद्धा दाखवतं. शिवाय ते अजून मुरलेलं नाही. शंभर तास चालू द्या." शंभर तास झाले. लोणचं एव्हाना खाण्याजोगं झालं असतं. टक् काही मुरलं नाही. मग मिलिंदसरांनी आणखी एका खोक्याचं आणि एका जाड केबलचं नाव सुचवलं. तेव्हा भाऊंनी मला बोलावलं.

तर मी रॅकमागे पडले होते, तेवढ्यात अलकावहिनी चहा घेऊन आल्या. भाऊ मोटर बंद करायला विहिरीवर गेले होते. वहिनींनी कप माझ्या हातात दिला आणि थेट मुद्द्यावर आल्या.

"ताई, तुमी सांगा त्यानला मशीन खराब हाय म्हनून. तुमचं ऐकत्यात त्ये."

"का हो?"

"माजा गोठा ऱ्हातोय." त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. पत्र्याच्या उघड्या छपराखाली दोन गायी आणि एक तांबडी कालवड बांधलेली होती. "ती सोनी. तिच्या बहिनीला मागच्या उन्हाळ्यात बिबट्यानं नेलं. ह्याच अंगनातनं, आमी घरात चहा पीत व्हतो तवा. मग ही झटक्याची तार घातली. पन तार म्हंजी तार. मला जाळीचा बंद गोठा पायजे. जाळीवाला मापं घेऊन गेला, आन् मागनं ह्ये खोकं आलं. दोनी व्हायचं न्हाई, ताई. एकच कायतरी व्हनार."

सोनी आमच्याकडे बघत रवंथ करत होती. मला तिची दया आली, हे कबूल करते.

"वहिनी, मशीन खराब आहे असं मी खोटं नाही सांगणार," मी म्हटलं. "पण ते उपयोगाचं आहे का, ते आज नक्की सांगते. पाचच्या आत."

"म्हंजी उपयोगाचं हाय म्हनालात तर माजा गोठा गेला?"

"हो."

वहिनींनी माझ्या हातातला कप बघितला. अर्धा चहा शिल्लक होता. तो परत घ्यावा असं त्यांना वाटत असणार, पण त्यांनी घेतला नाही.

मग मी कामाला लागले. आवाजात नको ते येत असेल तर घरातली एकेक वस्तू बंद करत जायचं, ही आमची पद्धत. फ्रीज बंद केला. टक्. इन्व्हर्टर बंद केला. टक्. टीव्हीचा बॉक्स, वायफाय, देवघरातली लुकलुकती माळ, सगळं बंद केलं. टक्. मोबाइल बाहेर नेऊन ठेवले तरी टक्. म्हणजे चोर घरातला नव्हता.

मग बॅगेतून माझा छोटा ट्रान्झिस्टर काढला. मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेत काटा ठेवला की तो आसपासची विजेची खरखर ऐकवतो. मी तो कानाशी धरून अंगणात निघाले. वहिनी मागोमाग. विहिरीच्या बाजूला गेले, आवाज बारीक झाला. बागेच्या बाजूला गेले, मोठा झाला. तारेच्या कुंपणाजवळ पोचले आणि ट्रान्झिस्टर ओरडायलाच लागला. टक्. टक्. टक्.

मी कुंपणाकडे बघितलं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

"ह्यो तर झटका," वहिनी म्हणाल्या.

झटका मशीन म्हणजे गोठ्याच्या भिंतीवर टांगलेला एक डबा. तो दर सेकंदाला कुंपणाच्या तारेत विजेचा एक ठोका सोडतो. जनावर चिकटत नाही, मरत नाही, पण दचकून लांब जातं. आमच्याकडे बिबट्याच्या भीतीने वस्त्यावस्त्यांवर अशा तारा आहेत. मी गोठ्यात जाऊन मशीनचा खटका खाली करून ते बंद केलं. ट्रान्झिस्टर गप्प झाला. आणि त्याच क्षणी हॉलमधून आरोळी आली. भाऊ विहिरीवरून परत येऊन सोफ्यावर बसले होते.

"गेलं! ताई, गेलं! मुरला!"

पाठोपाठ ते फोनवर बोलताना ऐकू आले. "सर, मुरला! आत्ता, ह्या मिनिटाला मुरला बघा!"

इथे मी आत जाऊन सांगायला हवं होतं. एखाद्या शहाण्या तंत्रज्ञाने तेच केलं असतं. मी खटका वर केला.

"परत आलं!" आतून आवाज. मग फोनवर, "सर, थांबा जरा. मी सोफ्यावरनं उठलो म्हनून आलं काय?"

वहिनींच्या डोळ्यांत मला तेव्हा पहिल्यांदा वेगळी चमक दिसली. त्यांनी मला हलकेच बाजूला केलं आणि खटका आपल्या ताब्यात घेतला. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. भाऊ दिवाणावर जाऊन बसले. मी हात हलवला, वहिनींनी खटका खाली केला.

"दिवानावर बसलं की जातंय!" भाऊ फोनमध्ये म्हणाले.

खटका वर. भाऊंनी विचार केला. चप्पल काढली. खटका खाली. भाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी एक चप्पल घालून बघितली. खटका वर. काढली. खाली. शेवटी भाऊ एका पायात चप्पल घालून, दुसरी हातात धरून, दिवाणाच्या कडेवर बसून फोनवर म्हणत होते, "सर, डाव्या चपलेचं कायतरी हाय." आणि तिकडून मिलिंदसर बहुधा मान्य करत होते, कारण भाऊ "व्हय, व्हय, अर्थिंगच की" असं म्हणाले. गंमत म्हणजे तेवढा एक शब्द अगदी बरोबर होता.

वहिनी गोठ्याच्या खांबाला धरून हसत होत्या. वीस वर्षांच्या नोकरीत माझी एवढी करमणूक झाली नव्हती.

मग मी आत जाऊन सगळं सांगितलं. भाऊ आधी रागावले, मग चपलेकडे बघून हसले, आणि मग पटकन म्हणाले, "म्हंजी सोपं हाय की, राव. सहा ते आठ झटका बंद ठिवायचा. गानं झालं की चालू."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांचं हसू गेलं.

"दिवेलागनीलाच येतो त्यो," त्या म्हणाल्या. "का त्याला टायमटेबल देऊन येता?"

स्पीकरमधून टक् टक् चालूच होतं. मला भाऊंचा राग आला. माणूस चांगला आहे, बायकोवर जीव आहे, जनावरांवर आहे. पण एखाद्या वस्तूवर मन बसलं की चांगल्या माणसाच्या तोंडूनही असं वाक्य निघतं. ते त्यांनाही कळलं असावं, कारण ते उठले आणि दुसरी चप्पल पायात घातली.

"ताई, दुसरा काय मार्ग?"

"अर्थिंग कुठे केलंय ते दाखवा."

अर्थिंग म्हणजे जास्तीची वीज जमिनीत सोडून द्यायची वाट. घराच्या मागे खड्डा करून त्यात पाइप पुरतात. झटका मशीनलाही असा खड्डा लागतो, आणि तो घराच्या खड्ड्यापासून चांगला लांब, स्वतंत्र हवा. भाऊंचं कुंपण त्यांच्या मावसभावाने बांधलं होतं. घरचा माणूस, त्यामुळे मजुरी नाही आणि मजुरी नाही म्हणून खणणंही नाही. त्याने झटक्याची अर्थिंगची वायर घराच्याच पाइपला पिळून टाकली होती. एका खड्ड्यात दोन संसार. झटक्याचा प्रत्येक ठोका घराच्या अर्थिंगमध्ये शिरायचा आणि तिथून थ्री-पिन प्लगातून सिस्टीममध्ये. प्रीॲम्प आला म्हणजे अशा प्लगाचं आणखी एक यंत्र त्या साखळीत आलं, म्हणून टक् मोठं झालं. तो पारदर्शक वगैरे काही नव्हता. त्याने फक्त चोराला आणखी एक दार उघडून दिलं होतं.

"नवा खड्डा घ्या," मी म्हटलं. "गोठ्याच्या पलीकडे, गायी धुतल्याचं पाणी जिरतं तिथे. ओली जागा हवी. पाइप, लाकडी कोळसा आणि खडे मीठ."

भाऊंनी स्वतः खणला. शेतकऱ्याचा हात, तासाभरात कमरेएवढा झाला. वहिनींनी मिठाची पिशवी आणली आणि पाइपच्या भोवती एक थर कोळशाचा, एक मिठाचा असं भरलं. वर पाणी ओतलं. मी वायर घराच्या पाइपवरून सोडवून नव्या पाइपला घट्ट बसवली, टेस्टर लावून कुंपणातला ठोका पूर्वीइतकाच जोरदार आहे याची खात्री केली आणि आम्ही आत आलो.

टक् नव्हतं. झटका चालू होता आणि टक् नव्हतं. तीन वाजले होते.

भाऊंनी मोबाइल घेतला आणि गाणं लावायला गेले. हात चिखलाने माखलेले, स्क्रीन बोट ओळखेना. अंगठा लावला, मनगट लावलं, शेवटी वैतागून प्रीॲम्पचं ते पेरूएवढं बटण फिरवलं. आवाज वाढला. "ह्ये बघा," ते म्हणाले, "ह्याच्यात सुख हाय." मी ते ऐकून ठेवलं.

पाच वाजता मिलिंदसर आले. बारीक बांध्याचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाले, "बघा भाऊ. मुरला की नाही?"

वहिनी खोकल्या. मी खड्ड्याची हकीकत सांगितली. मिलिंदसरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठीक आहे मॅडम, तो दोष गेला. उत्तमच झालं. आता मशीनचा खरा गुण ऐकू येईल. तो गुण आहे, हे तर तुम्ही नाकारणार नाही?"

"नाकारत नाही. तपासू."

बॅगेत माझा एक खटक्याचा डबा असतो. दोन बाजूंनी सिग्नल आत येतो, खटका असेल त्या बाजूचा पुढे जातो. एका बाजूला स्ट्रीमर थेट जोडला, तिथे हिरवी पट्टी लावली. दुसऱ्या बाजूला तोच स्ट्रीमर प्रीॲम्पमधून जोडला, तिथे लाल पट्टी. मग मीटरने दोन्हींचा आवाज अगदी सारखा केला. हे महत्त्वाचं असतं. दोनपैकी जो किंचित मोठा, तोच माणसाच्या कानाला चांगला वाटतो. धंद्यातल्या निम्म्या जादू तेवढ्यावर चालतात.

रॅकवर वहिनींची चादर टाकली. खटका कुणाच्या हातात द्यायचा हा प्रश्न होता. मी घेतला तर मिलिंदसरांना संशय, त्यांनी घेतला तर मला. म्हणून वहिनी चादरीमागे बसल्या. मी त्यांना समजावलं, "मी 'हं' म्हटलं की मनाला येईल ती बाजू लावायची आणि लक्षात ठेवायचं. सहा वेळा. आम्हाला काही सांगायचं नाही." मलाही उत्तर माहीत नको होतं, म्हणून मीसुद्धा कागद घेतला. आम्ही तिघं सोफ्यावर, प्रत्येकाच्या हातात कागद-पेन. एकच गाणं, सहा खेपा.

"हं," मी म्हटलं. चादरीमागे खटका वाजला. गाणं सुरू झालं. मिलिंदसरांनी डोळे मिटले. दुसऱ्या खेपेला भाऊंनी "आहाहा" केलं आणि लिहिलं. चौथ्याला मिलिंदसर पुटपुटले, "गायिकेमागचं स्टेज बघा कसं खोल झालं." मीही लिहीत होते. आणि खरं सांगायचं तर मला फरक ऐकू येत होता. दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या खेपेला खालचा स्वर भरीव लागत होता. बारीक फरक, पण होता. मला वाटलं, आपण उगाच छाती फुगवून बसलो, या खोक्यात खरंच काहीतरी आहे, आणि आता ते भाऊंना सांगावं लागणार. मग सोनीचा गोठा गेला. तरी मी कागदावर लिहिलं, 'प्रीॲम्प : २, ३, ६'. खाली सहीसुद्धा केली, जुन्या सवयीने.

कागद वाचले. भाऊंनी २, ४, ५ लिहिलं होतं. मिलिंदसरांनी १, ४, ६ आणि शेजारी बरंच वर्णन.

"वहिनी, या बाहेर," मी म्हटलं. "लाल कुठल्या खेपेला होतं?"

वहिनी चादरीमागून निघाल्या. पदर नीट केला.

"एकदाबी न्हाई," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हंजी हिरव्यावरच व्हतं, सहाबी खेपा. पयल्यांदा खटका वाजिवला आन् चादरीतनं बघितलं, तर तुमी तिघंबी माना हालवाया लागलेला. म्हनलं, ह्येनला गानं न्हाई, खटका ऐकायचाय. मग मी खटका तिकडं करायची आन् लगीच परत हिकडं. खोकं मधी आलंच न्हाई."

माझ्या कागदावरची सही मला अचानक फार मोठी दिसायला लागली.

"ही टेस्ट व्हॅलिड नाही," मिलिंदसर म्हणाले.

"सर, याहून व्हॅलिड टेस्ट मी वीस वर्षांत केली नाही," मी म्हटलं.

"आगं पन," भाऊ कळवळून म्हणाले, "मला दुसऱ्या खेपंला जीव आला त्यो कसा काय?"

"तवा मी चुलीवर चहा ठिवून आल्याली. आल्याचा वास आला आसंल," वहिनी म्हणाल्या.

आधी मिलिंदसर हसले. ते हसले म्हणून आम्हीही सुटलो. मग आम्ही टेस्ट खरीखुरी पुन्हा केली, या वेळी लाल-हिरवं दोन्ही, आणि वहिनींना शपथ घालून. तिघांचेही निकाल नाणेफेकीच्या वर गेले नाहीत, निम्मे बरोबर, निम्मे चूक. मी मिलिंदसरांसमोरच प्रीॲम्पला माझं मीटर लावलं आणि निकाल दिला तो असा. मशीन अव्वल आहे. बांधणी सुरेख, खरखर शून्य, दोष एकही नाही. फक्त या घरात त्याला काम नाही. मिलिंदसरांनी ते मान्य केलं नाही, पण आल्याचा चहा दोनदा घेतला आणि खोकं गाडीत ठेवलं. जाताना नव्या खड्ड्याकडे पाच मिनिटं बघत उभे राहिले.

भाऊ मात्र रिकाम्या फळीकडे बघत होते. बटण गेल्याचं दुःख होतं ते, आणि ते खोटं नव्हतं. चिखलाच्या हाताने फिरवता येईल असं बटण या माणसाला खरंच हवं होतं. तेवढीच एक गोष्ट प्रीॲम्पने त्यांना दिली होती. पुढच्या आठवड्यात मी वहिनींच्या स्वयंपाकघरातला स्टीलचा एक डबा मागून घेतला, त्यात चांगल्यातला व्हॉल्यूम कंट्रोल बसवला आणि पुढे पितळेची मोठी मूठ लावली. आत वीज नाही, दिवा नाही, मुरायचंही काही नाही. भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला ती मूठ फिरवायला लावतात.

गोठा त्याच महिन्यात झाला. जाळी चारी बाजूंनी, वर पत्रा, दाराला दोन कड्या. सोनी आता गाभण आहे.

मिलिंदसरांचा मध्यंतरी फोन आला होता. पुण्यातल्या कुठल्याशा बंगल्यात एका गिऱ्हाइकाची सिस्टीम गुणगुणत होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, ते मीठ साधं चालतं की खडे मीठच लागतं?"

"खडे," मी म्हटलं.

घरी स्ट्रीमिंगवर गाणी ऐकायला महागडा प्रीॲम्प घ्यावा का, असं दुकानात आलेलं कुणी विचारलं तर मी आता भाषण देत नाही. दोन प्रश्न विचारते. तुमचं अर्थिंग कुठे आहे? आणि ऐकून बघाल तेव्हा खटका कुणाच्या हातात असेल? दुसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. मी हसत नाही. '२, ३, ६' लिहिलेला, माझ्या सहीचा तो कागद वहिनींनी नव्या गोठ्याच्या दारामागे चिकटवलाय, आणि पावणं आलं की त्या सोनीच्या आधी तो दाखवतात.